सहा महिन्यांचं ते इंजेक्शन एचआयव्हीची लस नव्हे. मग लस अडलीय कुठं?

'एचआयव्हीवर लस आली! वर्षातून फक्त दोन इंजेक्शनं, शंभर टक्के संरक्षण!' हा मजकूर कोल्हापुरातल्या कितीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून झाला. पेठेतल्या तरुण मंडळांच्या ग्रुपवर आला, शिरोली एमआयडीसीतल्या कामगारांच्या ग्रुपवर आला, आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. खाली कुणी हात जोडले, कुणी 'लई भारी' लिहिलं, आणि एका मामांनी थेट विचारलं, "सीपीआरला कधीपासून मिळणार?" सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय.

मामांचा प्रश्न रास्त आहे. पण ते इंजेक्शन लस नाही, औषध आहे. एचआयव्हीची लस आज जगात कुठंही उपलब्ध नाही, अमेरिकेत नाही आणि पुण्यातही नाही. फरक नुसता तांत्रिक नाही. एक गोष्ट मिळाली म्हणून दुसरीची गरज संपली, असं लोकांना वाटू लागलं तर दुसरी येणारच नाही.

इंजेक्शन आहे तरी काय?

त्याचं नाव लेनाकापाविर. एचआयव्ही विषाणूची जनुकीय सामग्री प्रथिनाच्या एका कवचात बसलेली असते. हे औषध त्या कवचाला चिकटतं आणि विषाणूचं पुढचं काम ठप्प करतं. पोटाच्या कातडीखाली टोचलं की तिथं त्याचा साठा होतो आणि तो सहा महिने हळूहळू रक्तात उतरत राहतो.

२०२४ मध्ये त्याचे निकाल आले तेव्हा जाणकारही चकित झाले. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुण मुली-स्त्रियांना हे इंजेक्शन दिलं होतं; त्यांच्यापैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. दुसऱ्या एका चाचणीत २,१७९ जणांपैकी दोघांना झाला. जून २०२५ मध्ये अमेरिकेनं त्याला प्रतिबंधासाठी मान्यता दिली, जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली. म्हणजे फॉरवर्डमधला आकडा हवेतला नव्हता.

मग लस का नाही म्हणायचं? कोल्हापूरकराला हे तालमीच्या भाषेत सांगतो. आपलं शरीर ही एक तालीम समजा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथले पैलवान. लस म्हणजे सरावासाठी आणलेला जोड: खऱ्या प्रतिस्पर्ध्यासारखा दिसणारा, त्याच्यासारखा उभा राहणारा, पण इजा न करणारा. त्याच्याशी लढून आपल्या पैलवानांना डाव कळतो आणि तो वर्षानुवर्षं अंगात राहतो. लेनाकापाविर म्हणजे बाहेरून बोलावलेला तगडा मल्ल. सहा महिने तो तुमच्या वतीनं हौद्यात उभा राहतो. मुदत संपली की निघून जातो, आणि तुमच्या पोरांना तो असताना एकही डाव आलेला नसतो. पुढचं इंजेक्शन चुकलं की संरक्षणही गेलं.

हा विषाणू एवढा अवघड का?

गोवर, देवी, पोलिओ या सगळ्यांच्या लसी एका साध्या निरीक्षणावर उभ्या आहेत. ज्यांना तो रोग झाला आणि जे वाचले, त्यांना तो सहसा पुन्हा होत नाही. शरीराला उत्तर सापडतं. लस फक्त तेच उत्तर रोग न होता शिकवते. एचआयव्हीच्या बाबतीत नक्कल करायला उत्तरच नाही. संसर्ग झालेला माणूस स्वतःच्या बळावर विषाणू पूर्ण बाहेर काढतो, असं जवळजवळ पाहायलाच मिळत नाही. शंभरात एकापेक्षाही कमी लोक औषधाविना त्याला वर्षानुवर्षं दाबून ठेवू शकतात, पण त्यांच्याही शरीरात तो असतोच.

याचं पहिलं कारण म्हणजे तो नेमका वस्तादालाच गाठतो. कुठल्या पैलवानानं कुणाशी लढायचं हे ठरवणाऱ्या पेशी असतात, त्यांना सीडी४ पेशी म्हणतात. बाकीचे बहुतेक विषाणू फुप्फुसाच्या, आतड्याच्या अशा पेशींत शिरतात. हा शिरतो तो सीडी४ पेशींत. वस्ताद जायबंदी झाला की तालमीत पोरं कितीही असोत, त्यांना सांगणारं कुणी उरत नाही. एड्स म्हणजे हीच अवस्था: प्रतिकारशक्ती इतकी खालावते की क्षयासारखे आजार माणसाला लोळवतात.

दुसरं, तो रूप बदलतो. स्वतःच्या प्रती काढताना त्याच्याकडून भरमसाट चुका होतात आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्यात नाही. या चुका त्याच्या पथ्यावरच पडतात, कारण प्रत्येक चुकीतून थोडा वेगळा विषाणू तयार होतो. उपचार न घेतलेल्या एका माणसाच्या शरीरात काही वर्षांत जेवढी विविधता तयार होते, तेवढी फ्लूच्या विषाणूत एका वर्षात साऱ्या जगात मिळून दिसते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचून खात्री केली होती. शरीर एका रूपाविरुद्ध प्रतिपिंड, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, तयार करतं. तोवर समोर दुसरंच रूप उभं असतं.

तिसरं कारण त्याच्या अंगावरचं साखरेचं आवरण. विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनाचं जवळपास निम्मं वजन साखरेच्या रेणूंचं असतं, आणि ही साखर आपल्याच पेशींनी बनवलेली असल्यामुळं शरीराला ती परकी वाटत नाही. तेल लावलेला पैलवान तो हाच. पकड बसते, ती निसटण्यासाठीच. पकडण्याजोग्या जागा मोजक्याच आहेत आणि त्याही खोबणीत दडलेल्या.

आणि शेवटचं, सगळ्यात जाचक. संसर्गानंतर काही दिवसांतच तो आपल्या पेशींच्या डीएनएमध्ये स्वतःचा मजकूर लिहून टाकतो आणि काही पेशींत गप्प पडून राहतो. बाकीच्या बहुतेक लसींना थोडी ढिलाई चालते: विषाणू आत आला, थोडा वाढला, पण आजार झाला नाही, तरी लस यशस्वी. इथं ती सवलत नाही. त्याला दारातच चीत करावं लागतं.

कोविडची लस तर वर्षात आली की!

हा आक्षेप मी चहाच्या गाड्यावरही ऐकलाय आणि डॉक्टरांच्या तोंडूनही. "कंपन्यांना औषधं विकायचीत, म्हणून लस काढत नाहीत," हे त्याचं पुढचं वाक्य. कोविडमधून बहुसंख्य माणसं स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर बरी होत होती, म्हणजे उत्तर शरीराकडं होतं. लसीनं ते आधी शिकवलं. एचआयव्हीत तेच नाही, हे वर आलंच.

शिवाय कोविडची लस इतक्या लवकर आली त्यात एचआयव्ही लस संशोधनाचाच मोठा वाटा आहे. अमेरिकेत कोविड लसींच्या कितीतरी मोठ्या चाचण्या झाल्या त्या एचआयव्ही लसींसाठी वर्षानुवर्षं उभ्या केलेल्या केंद्रांच्या जाळ्याच्या मदतीनं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कोविड लसीत ज्या जातीचा वाहक विषाणू, म्हणजे लसीतला मजकूर पेशींपर्यंत पोचवणारा निरुपद्रवी विषाणू, वापरला, त्याच जातीचा वाहक त्यांच्या एचआयव्ही लसीतही होता. एका ठिकाणी तो चालला, दुसऱ्या ठिकाणी नाही. कंपनी तीच, तंत्र तेच, फक्त प्रतिस्पर्धी वेगळा. कटकारस्थानाचा संशय घेणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. पटतंच असं नाही.

चाळीस वर्षं नुसती वाया गेली का?

१९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हा विषाणू सापडला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी जाहीर केलं की साधारण दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल. या विधानाची आठवण संशोधक आजही काढतात, हसत हसत नव्हे.

२००३ मध्ये पहिली मोठी लस निष्प्रभ ठरली. २००७ मध्ये दुसऱ्या एका लसीची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण लसीचा उपयोग होत नसल्याचं दिसलं; पुढं तर लस घेतलेल्या काही पुरुषांमध्ये संसर्गाचं प्रमाण उलट जास्त आढळलं. हा सगळ्यात मोठा हादरा होता. मग २००९ मध्ये थायलंडमधून बातमी आली: १६,४०२ स्वयंसेवक, दोन जुन्या लसींची जोडी, आणि संसर्गात ३१ टक्के घट. वापरात आणायला हा आकडा अगदी तोकडा. पण माणसात एचआयव्ही लसीनं संरक्षण मिळू शकतं असं त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

तीच पद्धत सुधारून दक्षिण आफ्रिकेत ५,४०० हून अधिक लोकांवर वापरली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती चाचणी थांबवली. लस घेतलेल्यांत १२९ संसर्ग, नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन घेतलेल्यांत १२३. त्यानंतर २०२१ आणि २०२३ मध्ये आणखी दोन मोठ्या चाचण्या निष्फळ. ही यादी वाचून खचायला होतं, मलाही झालं. पण 'लस सुरक्षित होती, प्रतिपिंडही तयार झाले, तरी संरक्षण मिळालं नाही' हा निकाल संशोधकाला खूप काही सांगतो. कुठले प्रतिपिंड उपयोगाचे नाहीत, हे त्या हजारो स्वयंसेवकांनी आपल्याला दाखवून दिलं.

आपल्याकडंही काम झालं, ते कुणाला फारसं माहीत नाही. भारतातली पहिली एचआयव्ही लस चाचणी २००५ मध्ये पुण्यात, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत म्हणजे 'नारी'त सुरू झाली. कोल्हापुरातून एसटीनं पाच-सहा तासांवर. तीस निरोगी पुरुष आणि स्त्रियांनी स्वतःहून तीत भाग घेतला. ती लस भारतात जास्त आढळणाऱ्या 'सी' उपप्रकारावर बेतलेली होती. लस सुरक्षित ठरली, पण प्रतिकार बेताचाच निर्माण झाला. २००६ मध्ये चेन्नईत दुसरी लस तपासली, आणि २००९ मध्ये पुणे व चेन्नई मिळून तिसरी चाचणी झाली. त्या तीस जणांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, ती गुप्त ठेवलेली आहेत आणि तशीच राहिली पाहिजेत.

आता कुठल्या वाटेनं चाललेत?

काही एचआयव्हीबाधितांच्या शरीरात काही वर्षांनी असे प्रतिपिंड तयार होतात की ते विषाणूची अनेक रूपं एकदम निकामी करतात. त्या माणसाला त्याचा उपयोग नसतो. त्याच्या अंगातला विषाणू तोवर पुढं गेलेला असतो. पण हेच प्रतिपिंड एखाद्याच्या शरीरात संसर्गाआधी असतील तर? २०२१ मध्ये निकाल लागलेल्या चाचण्यांत असा एक प्रतिपिंड सरळ शिरेतून देऊन पाहिला. एकूण संसर्ग फारसे कमी झाले नाहीत, पण ज्या रूपांवर तो चांगला चालत होता, त्यांचे संसर्ग सुमारे ७५ टक्क्यांनी घटले. दिशा बरोबर होती. एकाच मल्लानं भागणार नाही, एवढं कळलं.

अडचण अशी की हे प्रतिपिंड बनवू शकतील अशा मूळ पेशी शरीरात फार थोड्या असतात आणि त्या नवख्या असतात. धोबीपछाड कुणी पहिल्या दिवशी शिकवत नाही. वस्ताद आधी अंगकाठी बघून पोरगं निवडतो, मग जोर-बैठका, मग साधा डाव, मग अवघड. नवी लस तशीच टप्प्याटप्प्यानं द्यायची आहे: पहिला डोस योग्य पेशी हेरून जाग्या करणार, पुढचे डोस त्यांना क्रमानं घडवणार, प्रत्येक वेळी थोडा वेगळा जोड समोर उभा करून. २०२२ मध्ये पहिल्या टप्प्याचा निकाल आला. लस घेतलेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत हव्या त्याच पेशी जाग्या झाल्या. आता हेच एमआरएनए तंत्रानं, म्हणजे विषाणूचा तुकडा बनवायच्या सूचना शरीरालाच देऊन, करून पाहतात. काहींच्या अंगावर पित्त उठलं, त्याचं कारण शोधणं चालू आहे.

यावरून 'लस तयार' असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. योग्य पोरं तालमीत आली, एवढंच सिद्ध झालंय. त्यांनी अजून एकही कुस्ती मारलेली नाही.

लसीतूनच एचआयव्ही झाला तर?

होत नाही. आजवर माणसांवर तपासलेल्या लसींत पूर्ण जिवंत विषाणू नव्हता. त्याचे तुकडे किंवा ते तुकडे बनवण्याच्या सूचना असतात. तुकड्यातून अख्खा विषाणू उभा राहत नाही. २००७ च्या चाचणीत ज्यांना संसर्ग झाला, तोही लसीतून नव्हे, बाहेरूनच झाला होता.

एक खरी भानगड मात्र आहे. नेहमीची एचआयव्ही तपासणी विषाणूला नाही, प्रतिपिंडांना शोधते. प्रायोगिक लसीनं प्रतिपिंड तयार झाले की संसर्ग नसतानाही ती तपासणी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. नोकरीच्या वेळी, विम्याच्या वेळी, लग्न ठरताना हे कसं अंगाशी येईल, ते आपल्याकडं वेगळं सांगायला नको. उपाय आहे: विषाणूची जनुकीय सामग्री थेट शोधणारी वेगळी तपासणी असते, आणि चाचणी घेणाऱ्यांनी स्वयंसेवकाला ती नंतरही उपलब्ध करून द्यायची असते. पण माझ्या मते स्वयंसेवक न मिळण्याचं खरं कारण सुईची भीती नसते. गल्लीत चर्चा होईल, ही भीती असते.

गरिबांवर प्रयोग करतात, असं म्हणतात…

संशय रास्त आहे. भारतात औषध-चाचण्यांच्या नावाखाली गैरप्रकार झालेत. म्हणूनच नियम समजून घ्यावेत. चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. स्वतंत्र नैतिकता समितीची परवानगी लागते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे. संमतीपत्र तुमच्या भाषेत हवं, आणि कुठल्याही टप्प्यावर कारण न सांगता बाहेर पडता येतं. देखरेख करणारी स्वतंत्र समितीही असते: कुणाला लस आणि कुणाला बिनऔषधाचं इंजेक्शन मिळालं हे ना डॉक्टरला ठाऊक असतं ना स्वयंसेवकाला, पण ही समिती मधूनच आकडे तपासते आणि चाचणी बंद करायला सांगू शकते. २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत असंच झालं.

मुद्दाम कुणाला संसर्ग करत नाहीत, हेही इथंच सांगून टाकतो. सगळ्या स्वयंसेवकांना कंडोम, समुपदेशन आणि प्रतिबंधाची उपलब्ध साधनं द्यावीच लागतात.

इतकं चांगलं औषध असताना लस कशाला?

यात पैशांचा भाग मोठा आहे. लेनाकापाविरची अमेरिकेतली किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या त्याची स्वस्त आवृत्ती वर्षाला सुमारे ४० डॉलरला, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास, २०२७ पासून गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना देणार आहेत. हे मोठंच काम आहे. पण दर सहा महिन्यांनी माणसाला दवाखान्यात यावं लागणार, आधी तपासणी करावी लागणार, आणि हे धोका आहे तोवर चालू ठेवावं लागणार. ऊसतोडीला गेलेली बाई, हायवेवरचा ड्रायव्हर, इचलकरंजीत मागावर काम करून गावी परतलेला पोरगा, यांची तारीख चुकणारच. २०२४ मध्ये जगात १३ लाख लोकांना नव्यानं संसर्ग झाला. भारतात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगतात, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत.

'आपण तसले नाही' म्हणणाऱ्यांसाठी: आपल्याकडच्या कितीतरी बायकांना हा संसर्ग स्वतःच्या नवऱ्याकडून झालाय.

आणि औषधाच्या यशानं लसीपुढं एक नवा पेच टाकलाय. यापुढं लसीच्या चाचणीत भाग घेणाऱ्याला लेनाकापाविरसारखं औषध देऊ करणं भाग आहे. न देणं अन्याय होईल. पण सगळेच सुरक्षित असतील तर लसीनं काही केलं की नाही हे कळणार कसं? फार मोठ्या संख्येनं लोक घ्यावे लागतील, किंवा परिणाम मोजायची वेगळी रीत शोधावी लागेल. त्यातच २०२५ मध्ये अमेरिकेनं हात आखडता घेतला. दक्षिण आफ्रिकेच्या नेतृत्वाखाली होऊ घातलेली एक लस चाचणी मदत थांबल्यामुळं अडकली, आणि अमेरिकेतल्या लस संशोधनाच्या दोन मोठ्या गटांचा निधी पुढं चालू ठेवणार नाही असं कळवण्यात आलं. टप्प्याटप्प्याची लस पहिल्या टप्प्यावर यशस्वी होत असतानाच हे झालं, याचा मला राग येतो.

मग कोल्हापुरात आज काय आहे?

सीपीआरमध्ये आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे. संसर्ग असेल तर औषधंही मोफत. देशात सरकारनं ती २००४ पासून सुरू केली. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग पसरत नाही. गरोदर बाईनं वेळेत औषध घेतलं तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत येते. २०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करायला आणि कुणाची स्थिती उघड करायला बंदी आहे. संसर्ग आहे म्हणून नोकरीवरून काढणंही बेकायदा आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

'एड्स मुळापासून बरा करतो' अशी जाहिरात दिसली तर तो दावा करायलाच औषध नियमांनी मनाई आहे. असा दावा करता येत नाही अशा आजारांच्या यादीत एड्सचं नाव पहिलं आहे.

आणि धोका घडून गेला असेल, वापरलेली सुई टोचली असेल किंवा कुणावर अत्याचार झाला असेल, तर लसीची किंवा नव्या इंजेक्शनची वाट बघत बसू नका. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालय गाठा. २८ दिवसांच्या गोळ्या असतात. ७२ तास उलटल्यावर त्या सुरू करून उपयोग नाही.